कुऱ्हाड मी घेत नाही

तंबूचं सामान बांधताना मी कुऱ्हाड घेत नाही, कोयता घेतो. पाहुणे विचारतात. (येणाऱ्यांना पाहुणे म्हणायचं, गिऱ्हाईक म्हणायचं नाही, हा शेठचा नियम.) मागच्या हिवाळ्यात एका पाहुण्यानं मला मोबाइलवर दाखवलंसुद्धा. कुठल्या तरी बर्फाच्या मुलखातला दाढीवाला माणूस, एका घावात ओंडक्याच्या दोन फाका. "असं पाहिजे ना दादा! कॅम्पिंग म्हणजे कुऱ्हाड." मी हसलो, कारण हसणं माझ्या कामातच धरलेलं आहे. पण ओकारीच्या आधी तोंडात जसं पाणी सुटतं, तसं मला ते घाव बघून सुटतं. शेठनं नंतर एक नवीन कुऱ्हाड पाठवली होती. ती अजून खोक्यात आहे, वरची चिकटपट्टीही मी फाडलेली नाही.

कोयत्याची बाजू आधी साधी सांगतो. तंबूवर दोन-तीन दिवस राहणाऱ्याला लागतं काय? बोटाएवढं, फार तर मनगटाएवढं लाकूड. ते कोयत्यानं बसल्या जागी तुटतं. बांबू चिरता येतो, खुंटीला टोक काढता येतं, वाटेतली काटेरी जाळी बाजूला सारता येते, कांदा कापता येतो, आणि हात एकच गुंततो. कुऱ्हाडीला उभं राहायला जागा लागते, दोन्ही हात लागतात, आणि नेम चुकला की ती पुढं कुणाची नडगी आहे ते बघत नाही. पण हे सगळं सोडा. माझं खरं कारण वेगळं आहे. हातात कोयता असला की माणूस जमिनीकडं बघतो, कुठं काय वाळकं पडलंय ते. हातात कुऱ्हाड आली की तो झाडाकडं बघायला लागतो.

मी सिंधुदुर्गाकडचा. शाळा आठवीत सुटली. सोडली म्हणत नाही, कारण मी ठरवून काही केलं नाही. एक दिवस काजूच्या बागेत कामाला गेलो, दुसऱ्या दिवशीही गेलो, आणि मग मास्तरांनी घरी निरोप पाठवणं बंद केलं. आमच्याकडं कमरेला मागे लाकडी आकडी बांधतात आणि तिच्यात कोयता अडकवतात. बाप, काका, शेजारी, सगळ्यांच्या पाठीमागं तो लोंबत असायचा. पुढं गोव्यात हॉटेलात भांडी घासली, पुण्यात मांडववाल्याकडं राहिलो, तिथं शेठ भेटले. त्यांना तंबूंची जागा बघायची होती सातपुड्यात. "येशील का?" म्हणाले. मी कुठंही आलो असतो. नंदुरबारला गाडीतून उतरलो तर शहराबाहेर माळावर लाल मिरच्या पसरलेल्या, आणि माझ्या शिंका थांबल्या त्या थेट धडगावच्या घाटात.

कुठला विचारलं की मी कोकणातला सांगायचो. लोक म्हणायचे, "म्हणजे नवापूरकडचा?" इकडं कोकणी नावाची जमात आहे. पहिले काही दिवस मी समुद्र, नारळ, सगळं समजावून सांगितलं. मग सोडून दिलं. नवापूर तर नवापूर.

शेठनं धडगावच्या वर एका पाड्यावर एका घराचं उतारावरचं वावर भाड्यानं घेतलं होतं. दिवाळीपासून होळीपर्यंत आठ तंबू. बाकी वेळ ते वावर त्यांचंच. मी स्वयंपाक करायचा, शेकोटी लावायची, पाणी भरायचं. मी झोपायचो कुठं, याचा विचार शेठनं केला नव्हता. तो त्या घरातल्या बाईनं केला. पन्नाशी उलटलेली असेल. घरात पावरी बोलायची, माझ्याशी बाजारात शिकलेली मराठी. मी तिला मावशी म्हणायला लागलो. तिनं ओट्यावर, शेळ्यांच्या शेजारी, बांबूच्या भिंतीला लागून मला जागा दिली. थंडीत ताप आला तेव्हा स्वतःची गोधडी टाकली माझ्यावर. रोज मक्याची भाकर, उडदाची डाळ, वर विचारणार, "पोट भरला?" मी भरलं म्हणायचो. कधी नसलं भरलं तरी भरलं म्हणायचो, कारण जास्त खाल्लं तर हे लोक मला जा म्हणतील अशी मला भीती. ही भीती माझी जुनी आहे. मी कुठंही असलो तरी आधी बघून ठेवतो, इथून जायला सांगितलं तर पिशवी किती वेळात भरेल. त्या ओट्यावर मात्र पहिल्यांदा पिशवीतले कपडे काढून दोरीवर टाकले होते.

मावशीचा नवरा माझ्या कोयत्याला फार हसायचा. इथला माणूस घराबाहेर पडला की खांद्यावर कुऱ्हाड असतेच; लहान तोंडाची, लांब बारीक दांड्याची. माझा कोयता हातात घेऊन तो उलटासुलटा करायचा. "हे काय हत्यार? वाकडा जन्मला का?"

जीपवाला तळोद्याचा. तंबूचं सामान आणि पाहुणे तोच वर आणायचा. तो अहिराणीत टोमणे मारायचा. "काय भो, तुन्हा कोयता काय करी ऱ्हायना? आठे नारय कोठे शे?"

"नारळ नसला म्हणून काय झालं? टाळकं आहे की तुझं," मी म्हणायचो. मग तो खूश.

कुऱ्हाड आली ती त्यानंच आणली, शेठनं ऑनलाइन मागवलेली. लाल-काळा दांडा, पात्याला चामड्याचं म्यान, दांड्यावर इंग्रजीत काहीतरी. शेठ फोनवर म्हणाले, "तुझा तो कोयता फोटोत गावठी दिसतो. पाहुण्यांना ही दे. त्यांना हौस असते." हौस म्हणजे काय ते मला होळीच्या आधी कळलं.

सहा जण आले होते, शहरातले, एकमेकांना भावा म्हणणारे. त्यांतला एक लाल टोपीवाला पुढारी होता. होळीला पाच-सहा दिवस होते, खाली सणाआधीचा भोंगऱ्या बाजार भरलेला, आणि पाड्यावरची बहुतेक माणसं तिकडं गेलेली. मावशीचं घरही बंद. मी एकटा आणि हे सहा.

त्यांनी येताना जिवंत कोंबड्या आणल्या होत्या. मी म्हटलं, द्या, मी करतो. टोपीवाला म्हणाला, "नाही दादा, आज आम्ही जंगली." आणि त्यानं ती कुऱ्हाड म्यानातून काढली. कोंबडी दगडावर धरली. पहिला घाव मानेवर बसला नाही. दुसराही नाही. बाकीचे मोबाइल धरून उभे, हसताहेत, एकजण म्हणतोय, "थांब थांब, परत कर, उजेड नीट नाही आला." कोंबडी ओरडत होती. मी जाऊन ती त्याच्या हातातून घेतली आणि कोयत्यानं एकदाच काय ते केलं. त्यावर तो म्हणाला, "मूड घालवला राव." मग त्यांनी कुऱ्हाडीनं तुकडे पाडले, हाडांच्या किरच्या उडल्या, पिसं रक्ताला चिकटून पात्यावर राहिली. त्याच पात्यानं एकानं दात कोरल्यासारखं करून फोटो काढला. मी बघत होतो आणि हसत होतो. ते हसणं आठवलं की मला त्या पिसांपेक्षाही स्वतःची शिसारी येते.

संध्याकाळी शेकोटी लावली. कोयत्यानं तोडलेल्या काटक्या, वाळका सागाचा फाटा, छान पेटली होती.

"दादा, हे काय काड्या जाळताय?" टोपीवाला. "हा काय चहा करायचाय का? ओंडका आणा."

"मोठं लाकूड नाही इथं जवळ. खाली ओढ्याकडं बघावं लागेल, उद्या..."

"उद्या आम्ही चाललो. एवढं जंगल आहे आणि म्हणे लाकूड नाही!"

दुसरा म्हणाला, "रिव्ह्यूत लिहितो मग. जंगल आहे, लाकूड नाही. एक स्टार."

ते हसले. त्यांच्यासाठी ती थट्टा होती. मला घाम फुटला. एक स्टार म्हणजे शेठचा फोन, शेठचा फोन म्हणजे 'तू बघ बाबा आता दुसरीकडं', असं सगळं माझ्या डोक्यात एका दमात पळालं. मी आजूबाजूला बघितलं. वावराच्या वरच्या बांधावर एक मोठं झाड होतं. एकही पान नाही. उघड्यावाघड्या करड्या फांद्या. आमच्याकडं आंबा, फणस, काजू, सगळं बारमाही हिरवं. पांगारा तेवढा पानं गाळतो, पण तो लाल फुलांनी ओरडून सांगतो की मी आहे म्हणून. आणि खरं म्हणजे मला एक साधी गोष्ट करता आली असती. कोयत्याच्या चोचीनं साल जराशी खरवडायची. आत हिरवं दिसलं तर हात काढून घ्यायचा. दुसरीतलं पोरही करतं आमच्याकडं. मी उठलोही नाही. बसल्या जागेवरून बोट दाखवलं.

"ते बघा, ते वठलेलं आहे. त्याची खालची फांदी घ्या."

ते ओरडत गेले. टोपीवाल्यानं घाव घालायला सुरुवात केली. पहिले घाव नुसते घसरले, पातं दोनदा त्याच्या गुडघ्याजवळून गेलं. मग बसायला लागले. मी कॅमेऱ्याच्या मागून चालत गेलो. घाव आधी पांढरा दिसला. मग ओला दिसला. मग त्यातून दूध यायला लागलं, चीक, पांढरा, थेंबाथेंबानं खोडावरून खाली.

"थांबा," मी म्हटलं. मोठ्यानं म्हटलं नाही. मोठ्यानं म्हटलं असतं तर आज काही वेगळं लिहिलं असतं.

एकानं फांदीला लोंबकळून झोका घेतला आणि ती कडाडली. तुटताना खोडाची साल दोन हात सोलत घेऊन गेली. खाली पडलेल्या फांदीच्या टोकांवर, जिथं मला काहीच दिसलं नव्हतं, तिथं तपकिरी, मखमलीसारख्या कळ्यांचे झुपके होते. शेकड्यानं. मी एक हातात घेतला. मऊ होता, आणि बोटं चिकट झाली.

ओली फांदी पेटणार कशी? धूर झाला. त्यांनी कंदिलातलं रॉकेल ओतलं, भडका झाला, टाळ्या झाल्या, परत धूर. मग वेफर्सची पाकिटं टाकली, प्लास्टिकचे ग्लास टाकले, हाडं टाकली, शेवटी कंटाळून तंबूत गेले. सकाळी फांदी तशीच पडलेली, एक बाजू करपलेली, वर वितळलेलं प्लास्टिक पसरून थिजलेलं, त्यात कोंबडीच्या मानेचं हाड अडकलेलं. माशा. कुऱ्हाड दवात पडलेली, आणि तिला असा वास की मी तोंड फिरवलं. जीप आली, सहाजण गेले, जाताना टोपीवाल्यानं मला मिठी मारली. पाच स्टार दिले त्यांनी. 'दादा एकदम जबरदस्त', असंही लिहिलं.

मावशी बाजारातून परतली ती सरळ बांधावर गेली. मी खालून बघत होतो. तिनं घावावर हात ठेवला, पावरीत काहीतरी बोलली, माझ्याशी नाही, झाडाशी. मग खाली आली.

"मोह तोडला," ती म्हणाली. तेव्हा मला कळलं की तो मोह होता. "तू कुठं होता?"

"पाणी भरायला गेलो होतो. झऱ्यावर."

इतक्या सहज आलं ते तोंडात. आधीपासून तयार असल्यासारखं.

"कुऱ्हाड तुझी?"

"शेठची." हे खरं होतं, आणि खरं बोलताना मला बरं वाटलं. यापेक्षा घाण मला स्वतःची कधी वाटली नाही.

शेठना फोन लावला. त्यासाठी टेकडीवर एका ठरावीक दगडावर उभं राहावं लागतं. ते म्हणाले, "फांदीच ना? अरे, बकरा दे त्यांना एक, खातील, विसरतील. आणि तू तोंड उघडू नको. पाहुणे गेले, विषय संपला." खातील, विसरतील. ज्या घरानं मला गोधडी दिली त्यांच्याबद्दल. मी "हो शेठ" म्हटलं.

दुसऱ्या दिवशी पाड्यावरची जाणती माणसं मावशीच्या अंगणात बसली. पाच-सहा जण. कुऱ्हाड मधे जमिनीवर ठेवलेली. इथं मोहाच्या एकेका झाडाला घर असतं. अमकं झाड अमक्याचं, ते आज्यापणज्यापासून ठरलेलं, भाऊ वेगळे झाले तर वावराबरोबर झाडंही वाटली जातात. चैत्रात फुलं गळतात ती ज्याचं झाड त्यानंच वेचायची. दुसऱ्याच्या झाडाखालचं फूल कुणी उचलत नाही, तर फांदी तोडणं म्हणजे काय, ते मला तिथं बसल्यावर समजत होतं.

एका म्हाताऱ्यानं कुऱ्हाड उचलली, नाकाजवळ नेली आणि झटकन खाली ठेवली. "हिनं काय मारला?"

"कोंबडी," मी म्हटलं.

"कुऱ्हाडीनं कोंबडी!" तो बाजूला थुंकला. "मग मुंगी कशानं मारतात? तोफ आणतात का?"

थोडे हसले. मग त्यांचा कारभारी, पागोटंवाला, माझ्याकडं वळला. "झाड कुणी दाखवला त्यांना?"

माझ्याआधी मावशी बोलली. "हा नव्हता तिथं. हा पाण्याला गेला होता. दोन हिवाळे झाले, माझ्या ओट्यावर झोपतो. मी याला ओळखते. हा खोटा नाही बोलत."

नवऱ्यानं जोड दिली, "याला तर पान तोडायला पण भीती वाटते."

माझं खोटं आता तिच्या तोंडात होतं आणि ती ते चांगल्या मनानं, चारचौघांत, माझ्यासाठी वापरत होती. मला एवढंच करायचं होतं, गप्प बसायचं. ओटा राहिला असता, दोरीवरचे कपडे राहिले असते. आणि मग रोज भाकर वाढताना ती विचारणार, पोट भरला? आणि मी भरलं म्हणणार.

"मी होतो," मी म्हटलं. "पाण्याला नव्हतो गेलो. मीच दाखवलं झाड."

मावशीनं माझ्याकडं बघितलं नाही, ती कुऱ्हाडीकडं बघत होती.

"का?" कारभारी.

"पान नव्हतं एकही. मला वाटलं, मेलंय."

मग तो थुंकणारा म्हातारा हसायला लागला, मग सगळेच. "फागणात मोहाला पान शोधतो!" "मग सगळा डोंगरच मेला म्हण!" एकजण माझ्या कपाळाकडं बोट करून म्हणाला, "याच्या डोक्यावर पण पाला कमी आहे. तोडायचा का?" मावशीचा नवरा गुडघ्यावर थापा मारून हसत होता. मलाही हसू येईल असं वाटलं आणि त्याच वेळी दिसलं, मावशी उठून आत गेलीय.

हसणं थांबलं. कारभाऱ्यानं सांगितलं: कुऱ्हाड इथंच राहील. मोह वेचून होईपर्यंत या वावरात तंबू नाही. मग माझ्याकडं मान वळवून म्हणाला, "याचा काय ते घरवाली सांगेल. ओटा तिचा."

आतून मावशीचा आवाज आला. "झाड माझा नाही. झाड लेकीचा. लेक येईल फुलं वेचायला. हा राहील का जाईल, ती सांगेल."

तिची लेक दरीपलीकडच्या पाड्यावर दिलेली. मावशीनं आपल्या वाटणीतलं ते एक झाड तिच्या नावानं ठेवलेलं. ती दर चैत्रात माहेरी यायची, पंधरा-वीस दिवस राहून त्याची फुलं वेचायची, वाळवायची, न्यायची. मी तिला कधी पाहिलं नव्हतं. आधीचे दोन्ही हिवाळे मी तंबू गुंडाळून होळीला खाली उतरायचो, ती त्यानंतर यायची.

जीपवाला तंबू न्यायला आला. सगळं भरून झाल्यावर त्यानं पुढचं दार उघडून धरलं. "चाल भो, तळोदाले सोडी देस तुले. आठे काय करशी?"

"थांबतो," मी म्हटलं.

"मार खावाले?"

"मारलं तर बरं होईल रे."

तो दार लावून गेला. शेठनं त्यानंतर फोनवर जे काय ऐकवायचं ते ऐकवलं. मी पहिल्यांदाच "हो शेठ" म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही, ते धाडस माझ्यात नाही. फोन कानाशी धरून उभा राहिलो, रेंज गेली. आईचाही फोन आला त्याच दगडावर. "जेवलंस मा?" तिनं विचारलं. जेवलो होतो. मावशी भाकर द्यायची, रोज, वेळेवर. फक्त आता ताट ठेवून आत निघून जायची.

त्या दिवसांत मी काय केलं? घाण काढली. थिजलेलं प्लास्टिक हातानं उचकटलं, त्याखालची माती खरवडली, हाडं, पिसं, सिगारेटची थोटकं, तंबूमागं त्यांनी जे काय करून ठेवलं होतं तेही. दोनदा ओकलो. मावशीचा नवरा बांधावर बसून बघायचा. एक दिवस म्हणाला, "झाडाचं फाटलेलं तसं नको ठेवू, पाणी शिरेल. तुझा तो वाकडा आण." मी झाडावर चढलो आणि कोयत्यानं सालीच्या लोंबत्या चिंध्या कापून कडा साफ केल्या. अशा कामाला कुऱ्हाड काही कामाची नाही. तिनं जे केलं ते तिला निस्तरता येत नाही. त्यानं खालून शेण-मातीचा गोळा दिला, मी तो घावावर लिंपला. तो हसला नाही कोयत्याला.

मग एका पहाटे वास आला. गोड, जड, आंबल्यासारखा. फुलं गळायला लागली होती. लोक म्हणतात मोहाच्या वासानं जीव भरतो, माझा मळमळला. अजूनही मळमळतो. तो वास मला आवडायला लागला असं लिहिलं असतं तर चांगलं दिसलं असतं, पण तसं झालं नाही. रिकाम्या पोटी तो वास नाकात शिरला की मला तो पांढरा चीक आठवतो आणि मोबाइल धरलेले पाच हात.

त्याच सकाळी लेक आली. दरी चढून आली होती तरी धाप नव्हती. डोक्यावर टोपली. घरात न जाता बांधावर गेली, आणि मी तिच्या मागं, पाचेक हात अंतर ठेवून. पिशवी मी आदल्या दिवशीच भरून ठेवली होती. दोरी रिकामी होती.

तिनं वर बघितलं. मातीनं लिंपलेला घाव बघितला. मग खाली बघितलं.

"कोणी?" ती म्हणाली. तिला सगळं सांगितलेलं असणारच. तरी विचारलं.

"मी."

"कुऱ्हाड तुझी होती?"

"शेठची. बोट माझं."

तिनं माझं बोट बघितलं, खरोखर बघितलं, त्यावर काही लिहिलेलं असावं तसं. मावशी खाली अंगणात उभी होती, हात कमरेवर.

"त्या फांदीची फुलं किती पडायची, माहीत आहे?"

"नाही."

"मला माहीत आहे," ती म्हणाली. पुढं किती ते सांगितलं नाही. टोपली माझ्या हातात दिली. "धर. शेवटचं फूल पडेपर्यंत रोज यायचं. उजाडायच्या आत."

झाडाखालची जमीन मावशीच्या घरच्यांनी आधीच झाडून स्वच्छ केलेली होती. एका अंगाला पिवळसर, गुबगुबीत फुलांचा सडा पडलेला, पाय ठेवायला जागा नाही. दुसऱ्या अंगाला, जिथं वर फांदी नव्हती, नुसती माती, झाडूच्या रेघा तशाच. मी सड्याकडं वळलो तर तिनं मान हलवली आणि मातीच्या बाजूला हात केला. तिथं बसलो. उतारावरून घरंगळत चार-दोन फुलं आलेली होती. ती वेचली, टोपलीत टाकली, आणि पुढच्याची वाट बघत राहिलो.